ओझे कोणाचे?

गेल्या चैत्रातली गोष्ट. शाळेला उन्हाळ्याचे वेध लागले होते आणि मी ओसरीवर बसून मुलांच्या चित्रांना गुण देत होतो. एवढ्यात आक्का आल्या. आक्का म्हणजे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी कधी चुकलेली नाही, आणि बोलणे असे की समोरच्याने आधी ऐकून घ्यावे व मग बसावे. त्यांनी पदराखालून मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला.

"गुरुजी, हे बघा. ह्याला तुम्हीच शिकवलाय. आता तुम्हीच सांगा, काय समजायचं ते."

चित्रात त्यांचा मुलगा होता. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गाईंच्या एका मोठ्या गोठ्यावर तो नोकरीस आहे. मागे करड्या दगडांची नदी, त्यामागे ढगांत गेलेले डोंगर. पाठीवर भलीमोठी पिशवी, कंबर वाकलेली, मानेवर वाळलेल्या रक्ताचा ओघळ. पिशवीच्या तोंडातून हरिणाचा एक पाय बाहेर आलेला. चेहऱ्यावर हसू नव्हते. शिकाऱ्यांच्या चित्रांत असते तसला तोराही नव्हता. खड्ड्यात रुतलेली गाडी दिवसभर ढकलून आलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

"पाप की नाही, एवढंच सांगा," आक्का म्हणाल्या.

मी मॅट्रिक होऊन चित्रकलेचा मास्तर झालेला माणूस. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून गावात मला शास्त्र्याचा मान मिळतो, पण पापपुण्याचा निवाडा करण्याइतके शास्त्र माझ्याजवळ नाही. मी म्हटले, "आक्का, आधी त्याला विचारू या. मग बोलू." त्या रात्री मी त्याला लिहिले, आणि पाचव्या दिवशी त्याचे लांबलचक पत्र आले. त्या पत्राने माझी झोप उडवली. हरिणापेक्षा माझ्या स्वतःच्याच एका जुन्या हिशेबामुळे. पण ते पुढे.

ईस्टरच्या जोडसुट्टीत गोठ्यावरच्या एका वयस्क सहकाऱ्याने त्याला डोंगरात नेले. सहकाऱ्याजवळ बंदुकीचा परवाना होता, आणि त्याच्या नजरेखाली ह्याने बंदूक धरायची असे ठरले होते. नदीच्या पात्रातून गोटे तुडवीत, बीचच्या दाट रानातून मुळ्यांना धरून चढत, ते जंगलाच्या वरच्या काठाशी पोचले. त्याच्या वर झाडे नाहीत, नुसते कमरेइतके पिवळे गवत. तिकडे तो शरद ऋतू. नर हरिणांच्या माजाचे दिवस, त्यांच्या ओरडण्याने दऱ्या घुमत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घळीच्या पलीकडच्या उतारावर एक मोठा नर दिसला. पोराने बंदूक उचलली. म्हाताऱ्याने नळीवर हात ठेवला आणि एवढेच विचारले, "पडला तर आणशील कुठून?" ह्याने खाली पाहिले. घळ इतकी उभी होती की तेथे उतरलेला माणूस मोकळ्या हातांनीदेखील वर येता ना. बंदूक खाली आली. तो नर गवतातून सावकाश चालत नाहीसा झाला.

दुपारी अलीकडच्या बाजूला एक मादी मिळाली. "सर," तो लिहितो, "गोळी सुटायला लागतो तेवढा वेळ मला तुमच्या वर्गात पेन्सिलीला टोक करायलाही पुरला नसता. पण पुढचं सगळं ओझं दीड दिवसाचं होतं."

पुढचे काम त्याने बारकाईने लिहिले आहे, आणि सणासुदीला वाचणाऱ्यांची क्षमा मागून मी त्यातले थोडे सांगतो, कारण सारा मुद्दा तेथेच आहे. जनावर पडले की आधी पोट उघडून आतडी काढायची. अंगातली ऊब आत कोंडली तर मांस हाडाजवळून नासू लागते. मग मागचे पाय, खांदे, पाठीच्या कण्यालगतच्या दोन लांब पट्ट्या, मानेचे मांस असे एकेक वेगळे करायचे आणि सुती पिशव्यांत भरून सावलीत वाऱ्यावर टांगायचे. कापडातून वारा लागला की मांसावर कोरडी साय धरते आणि माशी बसत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजून बिघडते. भरताना जड भाग पाठीशी लगटून, खांद्यांच्या बेचक्याजवळ यायला हवा. तो खाली लोंबला की प्रत्येक पावलाला माणूस मागे ओढला जातो.

दोघांच्या पाठीवर 25 किलोच्या आसपास मांस आले, शिवाय तंबू आणि पांघरुणे. चढ छातीला लागतो, पण उतार गुडघे फोडतो. ओल्या मुळ्यांवर पाय ठरत नाही, आणि पडणारा माणूस एकटा पडत नाही, ओझ्यासकट पडतो. विसाव्याला जमिनीवर बसायचे नाही, कमरेइतक्या उंच ओंडक्यावर टेकायचे, नाहीतर पुन्हा उठता येत नाही. संध्याकाळी पाऊस आला आणि नदी फुगली. त्या देशातल्या नद्या डोंगरातून अशा अचानक येतात की एकोणिसाव्या शतकात नदीत बुडून मरण्याला तेथे 'न्यूझीलंडचे मरण' असेच नाव पडले होते. दोघे रात्रभर एका कपारीत कुडकुडत बसले आणि पाणी ओसरल्यावर सकाळी पार झाले.

पत्राच्या शेवटी त्याने मला एक प्रश्न विचारला होता: "सर, पुन्हा जाऊ का?"

आईचा एक प्रश्न आणि मुलाचा एक. मी मात्र तिसऱ्याच प्रश्नात अडकलो. त्या म्हाताऱ्याने विचारलेल्या. आणशील कुठून?

माझ्या घरी रविवारी मटण होते. मी पिशवी घेऊन दुकानापुढच्या रांगेत उभा राहतो, वर्तमानपत्र वाचतो, शेजाऱ्याशी पावसापाण्याचे बोलतो, आणि अर्धा किलो घेऊन परततो. वीस वर्षांत माझ्या वाट्याला आलेले ओझे हे एवढेच. आत काय चालते ते मी पाहिलेले नाही, किंबहुना दिसू नये अशाच बेताने उभा राहतो. महाभारतातला धर्मव्याध मिथिलेत मांस विकीत असे. तो स्वतः जनावर मारीत नसे, दुसऱ्याने मारलेले विकी. तरी आपले कर्म घोर आहे हे त्याने कौशिक ब्राह्मणापाशी कबूल केले. आम्ही विकतही नाही, फक्त विकत घेतो. तेव्हा आमचे कर्म घोर नाही, असा आमचा सोयीस्कर समज आहे.

त्या पोराला हा समज करून घ्यायला जागा उरली नाही. दीड दिवस ते हरीण त्याच्या पाठीवर होते. म्हणून तर घळीपलीकडचा नर वाचला. दयेने वाचला असे मी म्हणत नाही. गुडघ्यांनी आणि पाठीने त्याला वाचवले. माणसाची दया पुष्कळदा उशिरा येते, पाठ मात्र आधी विचारते.

पाठीवरचे ओझे काढून घेतले की काय होते, हेही त्याच डोंगरांनी पाहिले आहे. न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर जमिनीवरचे सस्तन प्राणी मुळात नव्हतेच. तांबड्या हरिणांची जात इंग्लंडहून आणली ती माणसांनी, मुख्यतः शिकारीच्या हौसेसाठी. 1861 साली नेल्सनजवळ सोडलेली हरणे तेथे रुजली. त्यांना खाणारा वाघ नाही, लांडगा नाही. कोवळी रोपे खाऊन त्यांनी रानांचे तळ मोकळे केले. प्रथम कायद्याने त्यांना अभय दिले होते. 1930 मध्ये ते अभय काढून घेतले आणि सरकारने पगारी मारेकरी नेमले. ते महिनोन्‌महिने डोंगरात राहत आणि मारल्याचा पुरावा म्हणून शेपट्या आणीत, कधी कातडी आणीत. मांस बहुतेक तेथेच कुजे. शेपटीला वजन ते किती? खिशात मावणारे मरण मोजताना हात थकत नाही.

मग 1960 नंतरच्या दशकात हेलिकॉप्टर आले. हरणे मारायची, दोराला बांधायची, आणि झुबक्यांनी लोंबकळत खाली रस्त्यापर्यंत न्यायची. ते मांस युरोपात जाई. जे डोंगर चढायला माणसाला दोन दिवस लागत तेथली हरणे काही मिनिटांत खाली येऊ लागली. पाठ मध्ये राहिली नाही, तसा 'आणशील कुठून?' हा प्रश्नही राहिला नाही. कत्तल किती करायची याला आता तेल आणि बाजारभाव एवढ्याच मर्यादा उरल्या.

येथे माझ्या विचाराला एक ठेच लागली, आणि ती वाचकांपासून लपवणे बरे नव्हे. त्या रानांचे हित पाहणारा माणूस म्हणेल, मास्तर, ती हरणे कमी झाली हे चांगलेच झाले. हेलिकॉप्टरने जे केले ते पाठीने कधीच झाले नसते, आणि रानाने पुन्हा रोपटी धरली नसती. त्याचे म्हणणे खोटे नाही. त्या देशात हरीण मारणे हे कित्येकांना रान राखण्याचे काम वाटते, आणि सरकारी रानात शिकारीचा परवाना फुकट मिळतो. चूक हरणाची नव्हती, आणणाऱ्याची होती. पण ती फेडण्याचे काम मात्र हरणाच्याच गळ्यात पडले. हौस एका पिढीने केली आणि ओझे दुसऱ्याच्या पाठीवर गेले. म्हणजे फिरून आपण त्याच प्रश्नाशी आलो.

आपल्याकडची तऱ्हा आणखी निराळी. माझे आजोबा जावळीच्या खोऱ्यातले. महाबळेश्वर साहेबांचे थंड हवेचे ठिकाण, तेव्हा आसपासच्या रानांत शिकारी होत. आजोबा तरुणपणी हाकाऱ्याला जात. जात म्हणजे न्यावे लागत, वेठ होती. एकदा एका साहेबाने सांबर पाडले ते खोल ओढ्यात. आठ जणांनी त्याचे पाय बांबूला बांधले आणि दिवस मावळेपर्यंत कड्याच्या वाटेने ते वर चढवले. साहेब पुढे, हातात नुसती छडी. बंदूकदेखील दुसऱ्याच्या खांद्यावर. वर बंगल्यापाशी साहेबाने सांबराच्या शिंगांना हात लावून छायाचित्र काढवले. त्या चित्रात आठ जणांपैकी कोणी नव्हता. आजोबांच्या उजव्या खांद्यावर शेवटपर्यंत एक घट्टा होता. लहानपणी आम्ही त्यावर बोट दाबून पाहत असू. ते म्हणत, "हा सायबाचा सांबर."

स्कॉटलंडच्या डोंगरांतही पाहुणा गोळी झाडतो आणि जनावर ओढून आणतो तो तेथला नोकर. पुढे ठेंगण्या मजबूत तट्टाच्या पाठीवर ते लादून खाली नेतात. अलास्कात याच्या उलट कायदा आहे: खाण्याजोगे मांस मागे टाकता येत नाही, आणि मांस निघाल्याशिवाय शिंगे हलवता येत नाहीत. कायदा करणाऱ्याने माणसाचे मन अचूक ओळखले होते. शिंगे हलकी आणि मिरवायची, मांस जड आणि कोणी न पाहणारे. आधी जड उचल, मग मिरव. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव कायद्याने हा प्रश्न शिकारीपुरता मिटवला. पण साहेबाच्या हातातली छडी काही कायद्याने जात नाही.

हे सारे खरे. तरी रात्री दिवा मालवल्यावर मला वाटे, मी पोराचे वकीलपत्र तर घेत नाही ना? ओझे वाहिले म्हणून वध शुद्ध होतो काय? चोरसुद्धा गाठोडे स्वतःच वाहून नेतो. खांदा सोलवटला त्याचे त्या हरिणीला काय? तिच्या मरणाच्या आणि ह्याच्या गुडघेदुखीच्या मापांची तुलना करायला कोणता तराजू आहे? नाही. ओझ्याने पाप धुतले जात नाही. ओझ्याने एवढेच होते की आपण काय केले ते माणसाला कळते, आणि एकदा कळले की पुढच्या वेळी ते आधी आठवते.

वनपर्वात एक लहानशी कथा आहे. पांडव द्वैतवनात राहत आणि शिकार करून पोट भरीत. एके रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात रानातली उरलीसुरली हरणे कापत, डोळ्यांत पाणी आणून उभी राहिली. आता आम्ही बियाण्यापुरतीच उरलो आहोत, तुम्ही दुसरीकडे जा, म्हणजे आमचे कुळ वाढेल, असे त्यांनी विनवले. सकाळी युधिष्ठिराने भावांना स्वप्न सांगितले आणि सर्वांना घेऊन तो काम्यकवनाकडे निघाला. मांस सोडले असे कथेत नाही. रान सोडले. मला ती कथा फार माणसासारखी वाटते. भीमाच्या किंवा अर्जुनाच्या स्वप्नात हरणे आली नाहीत. ज्याच्या मनात हिशेब चालू होता त्याच्याच स्वप्नात आली.

माझ्या स्वप्नात हरणे येत नाहीत. माझे वडील येतात.

2013 च्या श्रावणात, वर डोंगरातल्या आमच्या वाडीत, त्यांच्या छातीत कळ आली. वाडीला रस्ता नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून, दोन तासांची घाटवाट उतरून खाली आणतात. मी तालुक्याच्या गावी होतो. हातात कादंबरीची शेवटची मुद्रिते होती. फोन आला तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही निघा खाली, मी जीप घेऊन रस्त्यावर थांबतो." वर जाऊन परत येण्यात वेळ जाईल, हे अगदी बरोबर होते. मी सगळे बरोबर केले. जीप आणली, डॉक्टरांना कळवले, छत्री घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. पाच जण चिखलाने माखून झोळी घेऊन उतरले. आठ दिवसांनी वडील दवाखान्यात गेले.

तेराव्यानंतर मी त्या पाचांना पैसे देऊ लागलो. कोणी घेतले नाहीत. त्यांतला एक, माझ्याच वर्गात शिकलेला, खाली बघून म्हणाला, "पैसं कशाला, सर? पालटायला एक खांदा कमी पडत होता, तेवढंच."

पुढे माझ्या तिसऱ्या कादंबरीत एक मुलगा बापाला पाठुंगळी मारून भर पावसात घाट उतरतो. ते प्रकरण वाचकांना फार आवडले. कित्येकांनी डोळे भरून आल्याचे कळवले. ती पत्रे मी जपून ठेवली आहेत. पाच जणांनी आणलेल्या ओझ्याचे छायाचित्र मी काढवले होते, शिंगांना हात लावून. त्यात ते पाच कोठेच नव्हते. आजोबांच्या खांद्यावर बोट दाबून पाहणारा नातू अखेर साहेबच झाला, आणि त्याला ते कळायला परदेशातून एका पोराचे पत्र यावे लागले.

मी आक्कांकडे गेलो. पापपुण्याचे काही बोललो नाही, नुसते पत्र वाचून दाखवले. आतड्यांच्या मजकुरापाशी मी अडखळलो, तर त्या म्हणाल्या, "वाचा, वाचा. म्हशीची वार काढलीय मी ह्या हातांनी." सारे ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारले.

"सगळं आणलं ना त्यानं? की टाकून आला काही?"

"खाण्याजोगं सगळं आणलं, आक्का."

"मग बरं. टाकलं असतं तर मी बोललेच नसते त्याच्याशी." थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "जीव गेला तो गेलाच. ही येती एकादशी मी निर्जळी धरीन. त्याला सांगू नका."

मुलाने मारले, मुलाने वाहिले, आणि तरीही जे उरले ते आईने उचलले. त्याला मी लिहिले: पुन्हा जावे की नाही हे मी सांगणार नाही. रविवारी रांगेत उभ्या राहणाऱ्या मास्तराने ते सांगू नये. गेलास तर त्या म्हाताऱ्याचा प्रश्न बंदुकीआधी उचल. आणि त्या वाडीतल्या पाच जणांना मी यंदा दिवाळीत भेटायला जातो आहे, पैसे न घेता, असेही लिहिले. काय बोलणार ते अजून ठरलेले नाही.

परवा आक्कांनी त्याच्यासाठी फराळ बांधला. त्याने आधीच कळवले होते, "तुपातलं काही नको, इथं अडवतात." ज्या देशाने एकेकाळी हौसेने हरणे आणली तो आता आक्कांच्या लाडवाचीही झडती घेतो. शहाणपण येते, पण ओझे वाहिल्यावर. चकली, कडबोळी आणि चिवडा एवढेच भरले. डबा जड झाला. शाळेचा शिपाई म्हणाला, "द्या सर, मी टाकतो पोस्टात." मी नको म्हटले आणि खांद्यावर घेऊन निघालो. पोस्ट फार लांब नाही, पण मध्ये एक चढ आहे. तो चढताना मी दोनदा थांबलो.